सफूराआपांचा न ऐकणारा हात

अर्धा रस्ता चालून झाला तरी सफूराआपांचं व्याख्यान संपेना. दम्मामच्या हॉस्पिटलातून आम्ही दोघी घरी निघालो होतो. जगाला तेल पुरवणाऱ्या मुलखात आम्हाला एक टॅक्सी मिळत नव्हती.

"शरफू, फ्रान्सचा तो जुना तत्त्वज्ञ म्हणायचा, मन वेगळं आणि देह वेगळा. देह म्हणजे नुसतं यंत्र, घड्याळासारखं."

"मग तुमचं घड्याळ बंद पडलंय, आपा."

सफूराआपा परकार मूळच्या खेडच्या. मुंबईला तत्त्वज्ञानात एमए केलं, जलालभाईंशी लग्न करून इथे आल्या आणि इंडियन स्कूलमध्ये मुलींना भूगोल शिकवू लागल्या. एवढं शिकून नद्यांचे नकाशे! मी त्याच शाळेत शिवण शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण मराठी शाळेतलं; रूहबद्दल, म्हणजे आत्म्याबद्दल, आईने नमाजाच्या मुसल्ल्यावर बसून सांगितलं तेवढंच मला ठाऊक.

जानेवारीत कुवेतच्या युद्धाचा पहिला सायरन वाजला तेव्हा आपा म्हणाल्या होत्या, "देह घाबरतो, मी नाही." आणि त्यांचा देह आम्हा सगळ्यांच्या आधी जिन्याखाली जाऊन बसला. मन बहुतेक वर चहा पीत राहिलं असावं.

त्या दिवसापासून उजव्या हाताची बोटं खडू धरेनात. युद्ध थांबल्याची बातमी रेडिओने साऱ्या दुनियेला दिली, आपांच्या हाताला तेवढी कुणी कळवली नाही. आज इजिप्शियन डॉक्टरने सुई टोचून पाहिली, हातोडी मारून पाहिली आणि "माफी मुश्किला", काही अडचण नाही, म्हणून मोकळा झाला. हाताला काही झालेलं नाही, धक्का मनाला बसलाय.

"धक्का मनाला, मग हात का रुसलाय? दोघं वेगळे ना?" मी विचारलं.

आपा थांबल्या. "एका राजकन्येने त्या तत्त्वज्ञाला पत्रातून हेच विचारलं होतं. मन हाताला हलवतं तरी कसं?"

"मग?"

"त्याला काही तिला धड सांगता आलं नाही. पुढे पुस्तकात लिहिलं, मेंदूत एक बारीक गाठ असते, तिथे दोघांची गाठभेट होते."

"आणि राजकन्येला पटलं?"

"त्याचं बोलणं तिला कधी पुरतं पटलंच नाही."

शिकलेली असूनही शहाणी बाई होती म्हणायची.

शनिवारी शाळा उघडणार होती. हात चालत नाही हे हेडमिस्ट्रेसना कळलं की नोकरी गेली. जलालभाईंनी तर "खलास, आता खेडला जा" म्हणून बॅगही काढून ठेवली होती. वाऱ्याने आपांचा स्कार्फ सुटला. डाव्या हाताने त्यांना तो लावता येईना. मी पिन लावून दिली आणि म्हटलं, "मी दुआ करतेय, आपा." एरवी यावर त्या हसतात. आज हसल्या नाहीत.

"शरफू, तुझा पहिला तास रिकामा असतो ना?"

"असतो."

"माझ्या वर्गात ये. मी बोलेन, तू फळ्यावर लिही."

"माझं इंग्रजी? मला त्यातलं काय कळणार?"

"तुला कळायची गरज नाही. मी अक्षर अक्षर सांगेन. हाताला कुठे कळावं लागतं?"

"आणि नकाशे?"

"कुर्ते बेततेस ना? भारत त्याहून काय अवघड!" त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "येशील ना गो? आणि घरी यांना मात्र बोलू नकोस."