उघड्या चेहऱ्याचे रंगभूषाकार

केशवअण्णांची नि माझी पहिली भेट भोरच्या एका मंगल कार्यालयात, आरशासमोर झाली. अकरावीतल्या मुलामुलींच्या प्रेमाचा विनोदी सिनेमा तिथे चित्रित होत होता. मार्गासनीच्या वरच्या वस्तीवरची, मेंढ्यांमागे वाढलेली मी त्यात नायिका होते, आणि अण्णा रंगभूषाकार. जत्रांच्या नाटकांतले राजे-राण्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहायचे म्हटल्यावर मला तेच दिवस आठवले.

सिनेमाची गोष्ट साधी होती. जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही अशी मुलगी स्नेहसंमेलनाला नटूनथटून येते, आणि तिला पाहून नायक पायऱ्यांवरून गडगडतो. शेवटी ती तोंड धुऊन येते, तरी हा पठ्ठ्या पुन्हा गडगडतोच.

सिनेमा उलटसुलट क्रमाने चित्रित होतो, हे मला कुठे ठाऊक! नटण्याचा प्रसंग आधी झाला. अण्णांच्या हातून आरशात जी उभी राहिली, तिला बघून मी डोळे मिटायचेच विसरले. रंग उतरवू दिलाच नाही. तशीच मिरवत एसटीने घरी गेले. वस्तीवर आमचा कुत्रा माझ्यावरच भुंकला. आई हसून हसून बेजार झाली, मला मात्र राग आला. कुत्र्याला काय कळतंय मेल्याला!

दुसऱ्या दिवशी गोष्टीतले आधीचे प्रसंग होते. दिग्दर्शक सहज म्हणाले, "आज हिला काही लावू नका. कुरूपच दिसायला हवी." म्हणजे माझा स्वतःचा चेहरा! त्या वयात ते किती लागले म्हणून सांगू? मी तडक सामानाच्या टेम्पोत जाऊन बसले. "म्या न्हाई येणार. दुसरी बघा."

सगळ्यांनी विनवण्या केल्या. अण्णांनी नाही केल्या. ते नुसते शेजारी टेकले नि म्हणाले, "तरणा असताना म्या राणी व्हायचो. टाळ्या राणीला पडायच्या. पण नाटक सुटलं की भूक लागायची ती मला. राणीनं कदी भाकर खाल्ली न्हाई बग."

मी रडता रडता हसले.

"चल हिरा, खुर्चीत बस."

राण्यांना रंगवण्याआधी करत, तसाच त्यांनी आरशाला नमस्कार केला. कोमट पाण्याने माझे तोंड पुसले, केस विंचरले, वेणी घातली. साहाय्यक ओरडला, "अण्णा, हिला आज मेकअप नाही!"

"ठावं हाय. म्हणून तर येळ लागतोय."

त्या अदबीने भारावून मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले, मान ताठ ठेवून. पुढे मोठमोठी माणसे पाहिली. पण कुणाच्या साध्या चेहऱ्याचा असा मान राखणारे दुसरे कुणी दिसले नाही.

नंतर मी त्यांच्याच हाताखाली रंगभूषा शिकले. नसरापूरच्या एका लग्नात नवरीची आई म्हणाली, "हिला जरा गोरी करा." अण्णांनी हात जोडून विचारले, "का वो बाई, लगीन हिचंच हाय न्हवं?" नवरी इतकी खुदकन हसली की तिला लाली लावायची गरजच उरली नाही.

या ग्रंथासाठी संपादकांनी माझा सिनेमातला नटलेला फोटो मागितला. मी तो दिला नाही. काल आईने मेंढ्यांच्या कळपात मोबाईलवर काढलेला पाठवला: घामेजलेली, केस विस्कटलेली मी. अण्णा, तुमची शंभरी निरोगी होवो, तुमचे हात कधी न थरथरोत. आणि ग्रंथ हाती आला की तो फोटो नीट बघा. ती मीच आहे, आणि मला ती लई आवडते.