आईच्या डोळ्यांसाठी लावलेला कौल

मंडळी, सकाळी आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात जे झालं, ते हातखंब्याच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय. हसू अजून जात नाही.

आईला नेत्रदानासाठी नाव द्यायचं आहे. आमचे काका आडवे आले. "वहिनी, डोळे दिलेत तर पुढच्या जन्मी आंधळ्या याल."

"उलट पुण्य लागतं," मी म्हणालो.

आई वैतागली. "भावोजी, तुम्ही भीती घालू नका. आणि तू आमिष दाखवू नको. देवाला विचारू."

आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं कौल लावून ठरतं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि देवाला दोन्ही बाजूंनी फुलं लावली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

बराच वेळ एकही फूल हललं नाही.

"बघा, देवाच्या मनात नाही," काका म्हणाले.

"नसतं तर डावं पाडलं असतं. तो म्हणतोय, डोळे तुझे, तूच ठरव!" आई म्हणाली. गुरवसुद्धा हसला.

मग आई माझ्याकडे वळली. "आणि तू रे? मी गेल्यावर रडत बसशील, की आधी नेत्रपेढीला वेळेत फोन करशील?"

गावभर नेत्रदानाचा प्रचार करणारा मी नुसती मान हलवून मोकळा झालो.

"तोंडाने बोल मेल्या!"

"करीन," मी म्हणालो, आणि उजवं फूल टपकन खाली पडलं.

काका म्हणतात, वाऱ्याने पडलं. असेलही. पण देव इतका वेळ कोणासाठी थांबला होता, ते मला कळलं.

तुमच्या आईने असं विचारलं, तर तुम्हाला तोंडाने 'करीन' म्हणता येईल?