तळ्याकाठची दगडी टिटवी

भागीरथाबाईंचं उभं आयुष्य पाट्या-वरवंट्यांना टाकी लावण्यात गेलं. नागपुरात सक्करदऱ्याच्या गल्ल्यांतून पिशवी खांद्याला लावून त्या फिरायच्या. कुणाच्या ओसरीवर बसून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नीने ठिपके पाडायच्या आणि कोपऱ्यात हमखास एक मासा किंवा पान उमटवून द्यायच्या. घरोघरी मिक्सर आले, तशी बोलावणी आटली. मुलाने घरी बसायला सांगितलं, त्या बसल्याही. पण भाजी निवडतानासुद्धा त्यांची बोटं ताल धरायची.

गेल्या मार्चमध्ये त्यांचं घर शोधत उन्नती आली. ती शिल्पकला शिकलेली होती. सक्करदऱ्याच्या तळ्यावरचे पक्षी कमी होत चाललेत हे लोकांच्या मनावर ठसावं, म्हणून काठावरच्या बागेत काळ्या दगडाचा, पंख पसरून उडणारा मोठा पक्षी घडवायचं काम तिला मिळालं होतं. लहानपणी आईच्या पाट्यावरचा मासा ती बोटाने गिरवायची. तो ज्या हाताने कोरला, तो हात तिला सोबत हवा होता. भागीरथाबाईंनी पिशवीतली छिन्नी काढून धार तेवढी पाहिली आणि उद्यापासून येते म्हणाल्या.

एप्रिलच्या मध्यात एका सकाळी त्या दगडाच्या कपच्या टोपलीत भरायला वाकल्या, तोच डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली. नीट पाहिलं तर कपच्यांमध्येच चार अंडी. रंगही कपच्यांसारखाच. एक पाऊल चुकलं असतं तर संपलं होतं. टोपली तिथेच ठेवून त्या हळूहळू मागे सरकल्या. पलीकडे उन्नतीचं दगड कापायचं मशीन घरघरत होतं.

"मशीन बंद कर वं," त्या उन्नतीला म्हणाल्या. "आता हातानंच करू."

"मावशी, पाच जूनले उद्घाटन हाय. हातानं कसं होईन?"

"होईन तेवढं होईन."

उन्नतीने अंडी जरा बाजूला ठेवायचं सुचवून पाहिलं. भागीरथाबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग दोघी दगडाच्या पलीकडच्या अंगाला, पहाटे आणि उतरत्या उन्हात, हातोडीने काम करू लागल्या. चार-सहा दिवसांत टिटवीला त्या ठकठकीची सवय झाली. उन्हाचा तडाखा वाढला तशी ती तळ्यात जाऊन पोट भिजवून येई आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे. भर उन्हात जोडीदार तिच्या जागी बसे. उन्नती पडक्या भिंतीच्या सावलीतून हे तासन्‌तास बघायची.

एका दुपारी डबा खाताना भागीरथाबाई म्हणाल्या, "राग नको मानू पोरी. तुझा पक्षी उडून राहिला. उडते त्याले काय, सारं आभाळ हाय. बसते त्यालेच जागा लागते."

दुसऱ्या दिवशी उन्नतीने नवं चित्र आणलं. पंख मिटलेली, अंड्यांवर बसलेली टिटवी. पंखांसाठी राखलेला दगड अजून अनघड होता, म्हणून ते जमण्यासारखं होतं. काम देणाऱ्या साहेबांना बोलावलं. ते आले, चित्र पाहिलं, कपच्यांतली खरी टिटवीही पाहिली. चालेल, पण तारीख पुढे जाणार नाही, एवढंच सांगून गेले.

चौथा आठवडा संपता संपता तीन पिल्लं निघाली आणि दुसऱ्याच दिवशी आईमागे तुरुतुरु पाण्याकडे गेली. चौथं अंडं फुटलं नाही. भागीरथाबाईंनी चार दिवस वाट पाहिली. मग ते पदरात घेऊन बागेच्या कुंपणाशी पुरलं आणि त्या सकाळी छिन्नी हातात घेतलीच नाही.

आता मशीन लावता येणार होतं. उन्नतीने डोकं आणि चोच मशीनने घासली, पण पोट भागीरथाबाईंनी कुणाला करू दिलं नाही. ओलं पीस कसं चिकटून बसतं, ते त्यांनी ठिपक्या-ठिपक्याने आणलं.

पाच जूनला उद्घाटन झालं, तेव्हा शेपटी अजून ओबडधोबडच होती. भाषणात शेपटीचा कुणी उल्लेख केला नाही. हल्ली सकाळी भागीरथाबाई थोडं थोडं शेपटीचं काम करतात. फिरायला आलेले लोक थांबतात, हा कोणता पक्षी विचारतात. त्या छिन्नी खाली ठेवतात आणि खरी टिटवी पाण्याशी कुठे दिसते, ते हात लांब करून दाखवतात.