आता आम्हाला गुडघे हवेत

घर विकायचं ठरलंय हे मला कळलं तेव्हा मी मावशींच्या गुडघ्याला तेल लावत होते. त्यांची मुलगी कॅलिफोर्नियाहून आली होती. स्वयंपाकघरात ती फोनवर बोलत होती आणि दार उघडंच होतं. "हो, पुढच्या महिन्यात घर रिकामं करून देऊ," ती म्हणाली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही मान वर केली नाही. एक गुडघा अजून राहिला होता.

मावशी म्हणजे गोऱ्या अमेरिकन बाई, ऐंशीला टेकलेल्या. एडिसन गावाजवळच्या एका जुन्या गल्लीत एकट्या राहायच्या आणि मी दिवसभर त्यांच्याकडे असायचे. "मला नावानं हाक मार," असं त्या पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, पण माझी जीभच वळेना. एकदा चुकून 'मावशी' म्हटलं, मग अर्थ सांगावा लागला. आईची बहीण. त्या हसल्या. "मी तर एकुलती एक. मला मावशी म्हणणारं कुणी निघेल असं वाटलंच नव्हतं. चालेल, म्हण."

माझी शाळा आठवीत सुटली. धाकट्या भावंडांना बघायला घरात कुणी नव्हतं. पुढे लग्न झालं, नवऱ्याच्या मागे इथे आले, तो एका मोटेलात काम करायचा. तो गेल्यावर मी एका गुजराती कुटुंबाच्या तळघरातल्या खोलीत राहायला आले. लोक चांगले आहेत, दिवाळीला फराळ देतात. पण संध्याकाळी जिना उतरून खाली आलं, की दुसऱ्या दिवशी मावशींचं दार उघडेपर्यंत कुणाशी बोलायचं नसायचं. म्हणून काम जाण्याची भीती एक, आणि बोलणं जाण्याची दुसरी. दुसरी मोठी होती.

गाडी चालवता येत होती तोवर मावशी मला शेजारी बसवून फिरवायच्या. फिरवणं म्हणजे गावाचा पंचनामाच.

"हे कानाच्या यंत्रांचं दुकान बघ. इथे खेळण्यांचं दुकान होतं, माझ्या मुलीनं इथे लोळण घेतली होती. तिथे सिनेमा होता, आता आम्हा म्हाताऱ्यांकडून व्यायाम करून घेतात, हात वर, हात खाली."

"सगळं तुमच्यासाठीच कसं काय?" मी विचारलं.

"कारण आम्ही खूप आहोत, बाई! महायुद्ध संपलं, सगळ्यांचे बाप घरी आले आणि आम्ही एकदमच जन्मलो. वर्गात बसायला जागा पुरेना, मग शाळा बांधल्या. आम्हाला घरं हवी झाली, घरं बांधली. मोटारी हव्या झाल्या, मोटारी आल्या. बोटीवर फिरायचं होतं, तर केवढाल्या बोटी काढल्या." सिग्नलला गाडी थांबवून त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "आता आम्हाला गुडघे हवेत!"

स्वतःच्याच विनोदाला त्या इतक्या हसल्या की मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला.

मला मात्र आमच्या बार्शीकडचा साखर कारखाना आठवला. अख्खी पंचक्रोशी त्याच्यावर चालायची. चहाची टपरी, सायकल दुरुस्तीवाला, शिकवण्या घेणारे मास्तर, सगळे. इथे पंचक्रोशी मावशींच्या पिढीवर चालते. दुपारी साडेचारलाच जेवायला बसणाऱ्या पांढऱ्या डोक्यांवर ते कोपऱ्यावरचं हॉटेल चालतं, त्यांच्या लॉनवर गवत कापणारे चालतात, त्यांच्या गुडघ्यांवर मी. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात या बाईंनीच मला उभं केलं, ते मी विसरणार नाही. पण कारखान्याचा भोंगा बंद झाला तेव्हा गावाचं काय झालं, तेही मी पाहिलंय. आधी टपरी गेली.

मुलगी तशी सरळ होती. तिनं मला समोर बसवून सांगितलं, "आई ज्या वृद्धाश्रमात राहायला जातेय तिथे त्यांची स्वतःची माणसं असतात. बाहेरचं कुणी ठेवायचं असेल तर राहणाऱ्याला तसं मागावं लागतं. पण आईनं काही म्हटलेलं नाही."

"बरं," मी म्हटलं.

मावशींनी मागावं याची मी वाट बघत राहिले. त्या क्रॉकरी बघत राहिल्या. हे ठेवू, ते नको. मुलगी म्हणायची, "आई, माझं अपार्टमेंट केवढंसं आहे, मला काहीच नको." शेवटी घरातल्या सामानाचा इस्टेट सेल ठरला. त्यासाठी एक बाई येते, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवते, आणि मग अनोळखी लोक घरभर फिरून विकत नेतात. बेडरूममध्येसुद्धा.

आता डब्याचं सांगायला हवं. मी मावशींना घरचं काहीबाही नेत असे. थालीपीठ, गोडाचा शिरा, त्यांना आवडायचा तो कमी तिखटाचा मसालेभात. त्या डबा परत द्यायच्या तो असा घासून, की त्यात तोंड दिसावं. आणि रिकामा. आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर, चार दाणे तांदूळ, पण काहीतरी घालतात. त्यांना हे कुठून माहीत असणार, मी मनाला समजवायचे. तरी खोलीवर आल्यावर झाकण उघडून बघायचेच.

सेलच्या दिवशी सकाळी मी लवकर पोचले. टेबलावर सगळी भांडी मांडलेली होती. सुपाचे वाडगे, झाकणाची ती निळी बरणी, मुलीच्या लहानपणचा दुधाचा पेला. चिठ्ठ्या लावलेली आणि रिकामी. मला बघवेना. कपाटातले तांदूळ घेतले आणि प्रत्येकात चार चार दाणे टाकत गेले.

तासाभरात सेलवाली ओरडत आली. "यात काय आहे? अळ्या? गिऱ्हाईक परत गेलं!"

मुलीनं वाडग्यात बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही केलंत?"

"हो. रिकामी जाऊ नयेत म्हणून."

"अहो, लोकांना वाटतंय घरात उंदीर आहेत!"

मी फडका घेतला आणि एकेक भांडं पुसायला लागले. कान तापले होते. आता तर झालंच, असं वाटलं. मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या खुर्चीवरही चिठ्ठी होती. त्यांनी मला बोलावलं आणि काय प्रकार आहे ते नीट विचारलं. मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे माझे सगळे डबे..."

"तुम्ही छान घासून द्यायच्या."

"अगं, सांगायचं तरी!"

"कसं सांगणार? दिलेलं परत मागितल्यासारखं झालं असतं."

"तू काही म्हणजे काहीच मागत नाहीस," त्या चिडूनच म्हणाल्या. "मला वाटलं, तुला सुटल्यासारखं होईल. म्हातारीचे पाय चेपून कंटाळली असशील. आणि हे घर विकून येईल ते सगळं त्या नव्या जागेलाच पुरणार. तुला ठेवते म्हणायला माझ्याकडे काही उरत नाही. म्हणून गप्प होते."

शेजारून एक माणूस दिवा घेऊन गेला. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं आठवत नाही. तेव्हा मागितलं.

"कामाला नको. नुसती आले तर?"

"नुसती?"

"भेटायला."

त्यांनी माझा हात धरला आणि सोडला. तेवढ्यात कुणीतरी त्यांना खुर्चीवरून उठायला सांगितलं.

आता मी दुसऱ्या एकांच्या घरी कामाला जाते. तेही वयस्कर गृहस्थ, भले आहेत, पण दिवसभर टीव्हीवर बोटींच्या सफरी बघतात आणि माझ्याशी 'थँक यू'पलीकडे बोलत नाहीत. काम मिळालं याचे आभारच मानते. रविवारी दोन बस बदलून मावशींकडे जाते. वृद्धाश्रमाच्या दारात बसणाऱ्या पोरीनं पहिल्यांदा विचारलं, "हेल्पर का? सही करावी लागेल."

"नाही. भाची."

तिनं माझ्याकडे बघितलं, मावशींचा गोरा चेहरा आठवला असावा, आणि हसून आत सोडलं.

मावशी आता विसरतात. कधी मला मुलगी समजून बोलतात. मसालेभात मात्र ओळखतात. निघताना डबा स्वतः आणून देतात. तिथल्या जेवणघरातल्या साखरेच्या पुड्या पर्समध्ये टाकायची त्यांची जुनी सवय आहे, त्यांच्या सगळ्या पिढीचीच म्हणा. त्यातल्या दोन-चार डब्यात असतात. बस वळली की त्या आत सरकल्याचा आवाज येतो.

गेल्या रविवारी आवाज आला नाही. डबा मांडीवर घेऊन मी दोन्ही बस संपेपर्यंत बसले, झाकण काही उघडलं नाही. या रविवारी शिरा नेणार आहे.