दादासाठी केलेली शिडाची होडी

बोअरच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्या माणसानं होडीच्या नादी लागावं, हे केजमध्ये कुणालाच पटलं नाही. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, तिथं कसली आलीय होडी! गिऱ्हाइकं तोंडावर म्हणायची, "येडा झालास का बे?" मी पाना उगारून त्यांना दुकानातून हाकलायचो.

पण होडी माझ्या हौसेची नव्हती. ती दादासाठी, माझ्या थोरल्या भावासाठी होती. गेल्या साली एका सकाळी चहा पिताना त्याच्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, कप हातातून सुटला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, आत्ताच्या आत्ता बीडला दवाखान्यात न्या." मी खेकसलो, "तुमाला काय कळतंय?" आमच्याकडं वारं गेलेल्या माणसाला पारव्याचं रक्त चोळतात. चोळणारा वडवणीकडच्या एका खेड्यात होता. जीप करून तिकडं नेलं. नंबर लागेपर्यंत दुपार टळली. ते कोमट रक्त हाताला चोळलं जात होतं आणि दादा एकटक माझ्याकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी बीडच्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "काल कुठं होता तुम्ही?"

उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. जीभ सवयीनं वळेल, असं डॉक्टर म्हणाले होते, पण दादानं बोलायचं मनावरच घेतलं नाही. वहिनीशी नुसतं ऊं-आं करायचा. मी गेलो की भिंतीकडं तोंड. एक सणसणीत शिवी हासडली असती तरी मी त्याचे पाय धरले असते.

मग मोबाइलवर एका परदेशी तळ्यातल्या रिमोटच्या शिडाच्या होड्या दिसल्या. चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा नुसत्या अंगठ्यानं होडी वळवत होता. झालं, डोक्यात किडा शिरला.

पातळ प्लायच्या पट्ट्या गरम पाण्यात वाकवून सांगाडा केला. होडी वाऱ्यानं कलंडू नये म्हणून तळाला उभं पातं आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा. आत दोन छोट्या मोटारी: एक सुकाणू फिरवायला, दुसरी शिडाची दोरी ओढायला, सोडायला. दुकानात टेबल, शिकंजा सगळं होतं. तरी मी दादाच्या खाटेजवळ बसूनच काम करायचो. एकटाच बडबडायचो. तो भिंतीकडं बघायचा.

पहिलं शीड वाढदिवसाच्या बॅनरचं केलं. अर्धा पुढारी शिडावर हात जोडून उभा! ओसरीपुढच्या हौदात सोडताच होडी आडवी झाली. बॅनर लई जड. मी चरफडत होतो, तेवढ्यात मागनं, ओसरीवरच्या खाटेवरून, ऊं ऐकू आलं. दादानं डावा हात उचलून खुंटीवरच्या छत्रीकडं बोट केलं होतं. जन्मभर वाऱ्यावर धान्याची रास उफणलेला माणूस तो, वाऱ्याचं त्याला कळणारच. मी लगेच छत्री खाली काढली. छत्री फाडून नवं शीड शिवलं.

पाऊसकाळ सरल्यावर शेजाऱ्याचं शेततळं भरलेलं होतं. बांधावर दादाची खुर्ची ठेवली, वहिनी सोबत आली. मी म्हणालो, "सुकानू तू धर, शीड मी बघतो." त्यानं माझा हात बाजूला सारला. रिमोट मांडीवर ठेवून एकट्या डाव्या हातानं कधी ही दांडी, कधी ती. होडी कलली, सावरली, वळली, माघारी आली. "वा रे पठ्ठ्या!" मी ओरडलो. वाटलं, सुटलो एकदाचा. माफ केलं यानं.

दादानं रिमोट सोडला. तोंड हलायला लागलं. लाळ गळत होती, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. बऱ्याच वेळानं शब्द आले.

"तवा... दवाखान्यात... कावून न्हाई नेलंस?"

"चुकलं, दादा," मी म्हणालो. तो तसाच बघत राहिला. त्यानं कारण विचारलं होतं.

कारण मला ठाऊक होतं. पारव्याच्या रक्तावर माझा तरी कुठं एवढा भरवसा होता! दवाखाना आधी बाईमाणसानं सुचवला, म्हणून मी मुद्दाम भलत्याच वाटेला जीप वळवली. हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. वहिनी पदरानं त्याची लाळ पुसत होती. पुसता पुसता तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिला ते त्या सकाळपासूनच माहीत होतं.