कोल्हे, लाडू आणि स्टीलची थाळी

कुत्री पाळणारी चार मराठी घरं एका रस्त्यावर आली की किस्से आपोआप साठतात. लंडनमधल्या आमच्या एजवेअरच्या रस्त्यावर ते एका उन्हाळ्यातच साठले, आणि दोष सगळा माझा!

कॅनडात वाइल्डलाइफ शिकून मी घरी परत आले. तिकडे कायोटी, म्हणजे लांडग्याचा धाकटा भाऊ, अंगणातून कुत्री उचलून नेतो. इथे कायोटी नाहीत, पण कोल्हे आहेत. वाटलं होतं, लोक घाबरलेले असतील, मी त्यांना वाचवीन. पाहते तर शेजारच्या मंदाकाकू मागच्या गार्डनमध्ये कोल्ह्याला पोळी घालत होत्या, आणि त्यांचा म्हातारा, इवलासा कुत्रा लाडू बाजूला बसून शेपूट हलवत होता.

"काकू, हा एक दिवस लाडूला उचलेल!"

काकूंचा चेहरा उतरला. मुलं मँचेस्टरला, सुहासकाका टीव्हीसमोर. बोलायला लाडूच, तोही बहिरा. "मग काय करू गं?"

*

मी सगळ्यांना लाउंजमध्ये बसवून पॉवरपॉइंट दाखवला. "कोल्हा दिसला की पळायचं नाही. हात वर करून आपण आहोत त्यापेक्षा मोठं दिसायचं."

सुहासकाकांनी पोटावरून हात फिरवला. "आणखी?"

*

मग आवाज. सकाळ-संध्याकाळ मी काकूंच्या गार्डनमध्ये स्टीलची थाळी बडवायला लागले. पहिल्याच संध्याकाळी कुंपणावरून पलीकडच्या गुजराती बा डोकावल्या. "आरती झाली? प्रसाद?"

दुसऱ्या दिवशी त्या टाळ घेऊन आल्या!

पण कोल्हे खरंच गेले. मी जिंकले होते.

*

पितृपक्षात काकांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. शेडच्या छपरावर पान ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवणार नव्हतं. दुपार कलली, तरी कावळ्याचा पत्ता नाही. काकांना डायबेटिस, ते घामाघूम. पण बिस्किटालाही हात लावेनात.

"बाबांची काहीतरी इच्छा राहिलीय," म्हणत त्यांनी हात जोडले. "बाबा, पुण्याचा फ्लॅट विकणार नाही!"

कावळा नाही.

"बाबा, सिगारेट सोडतो!"

"अजून ओढता?" काकू कडाडल्या.

कावळा नाही.

मग काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छपराकडे, आणि मोठ्याने म्हणाल्या, "मामंजी, ही पोरगी उद्यापासून थाळी वाजवणार नाही!"

कावळा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या कुंपणावर कोल्हा बसला होता. खाली गवतात लाडू, शेपूट हलवत. थाळी माझ्या हातात होती.

मी ती खाली ठेवली आणि लाडूला उचलून आत आणलं.