खंडेनवमीला आतून पुसलेली लेथ

आमच्या तळवड्याच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये खुर्ची एकच, आणि ती हनीफभाईंची. मालक ते, शेड त्यांची, खुर्चीही त्यांची. बाकी आम्ही सगळे उभे. मी मायक्रोमीटर घेऊन तपासणीच्या टेबलाशी उभी, आणि ज्योतीराम लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या मशिनच्या, कॉम्प्युटरशी, ऑइलच्या पिंपावर ठेवलेल्या कीबोर्डवर वाकून उभा.

ज्योतीराम उमरग्याकडचा. आधीच्या कंपनीत प्रेस मशिनखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि हातानं चाकं फिरवायच्या लेथवर त्याची पकड बसेना. हनीफभाईंनी आपली एक जुनी लेथ समर्थ नावाच्या इंजिनिअरकडून कॉम्प्युटरवर चालणारी करून घेतली, म्हणून याला काम मिळालं. तो कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालायचा. पुढे समर्थ नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि बिघाड झाला तर बोलवायचं कुणाला, असा प्रश्न पडला. ज्योतीराम म्हणाला, "मी शिकतो."

मी तोंडावर हसले. मला हसू दाबता येत नाही, राग तर त्याहून नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस, इंग्रजी पाटी वाचताना ओठ हलवणारा! पण गडी हटला नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात आणि डाव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. काळ्या स्क्रीनवर एकेक कमांड टाकायची आणि उत्तर अक्षर अक्षर लावत वाचायचं. मला सांगायचा, "ताई, न विचारता एक अक्षर सांगत न्हाई हे, आमच्या तलाठ्यावानी. पण नीट विचारलं की नीट सांगतंय."

लेथवरचा त्याचा नियम त्यानं इथंही लावला. एका वेळी एकच बदल, मग ट्रायल कट, मग माप. असं करत करत त्या म्हाताऱ्या लेथची झिजून आलेली सगळी ढिलाई त्यानं सेटिंगमध्ये सांभाळून घेतली. माझ्याकडे येणारे जॉब, म्हणजे कातलेले भाग, मापात बसायला लागले आणि माझं हसू आपोआप बंद झालं.

एकदाच नियम मोडला, तोही भक्तीनं. खंडेनवमीला आमच्याकडे मशिनी बंद करून घासतात, झिजलेली हत्यारं भंगारात टाकतात आणि मग हळदीकुंकू, झेंडूची माळ. हनीफभाई स्वतः पेढे आणतात. ज्योतीरामला वाटलं, बाहेरून पुसायचं आणि आत घाण ठेवायची, ही कसली पूजा? कॉम्प्युटर बरेच दिवस जागा भरल्याची तक्रार करत होता. यानं एका फोल्डरमधल्या जुन्या फाइली एका दमात उडवून टाकल्या. कॉम्प्युटर हूं की चूं करेना. ज्योतीरामनं खुशीत तो बंद केला, माळ घातली, नारळ फोडला.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर कॉम्प्युटर सुरूच होईना. सिस्टिम उठवणाऱ्याच फाइली त्या फोल्डरमध्ये होत्या.

ऑर्डर अडली आणि हनीफभाई भडकले. "शनिवारपर्यंत चालली तर ठीक, नाहीतर लेथ भंगारात." त्यांनी कुदळवाडीच्या भंगाराच्या टेंपोवाल्याला सांगूनही ठेवलं. लेथ गेली की ज्योतीरामही गेला, हे शेडमध्ये सगळ्यांना कळत होतं. त्या दिवशी त्याचा डबा तसाच घरी गेला.

समर्थनं फोनवर सल्ला दिला, "सगळं पुसून नवीन टाकू या, काका. लवकर होईल."

"आन् लेथची सेटिंग?"

"ती पुन्हा बसवावी लागेल."

"मग पुसायचं न्हाई. एकदा पुसलंय तेवढं बास."

मग समर्थनं दुसरी वाट सांगितली. ज्योतीरामनं पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर उठवला. सगळ्यात आधी सेटिंग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि तो माझ्या हातात दिला. "ताई, तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." मग उडवलेल्या फाइली परत बसवायला लागला. एक कमांड, थांबायचं, वाचायचं. चूक झाल्याचा मेसेज आला की फोनवर समर्थला एकेक अक्षर वाचून दाखवायचा. तोही बिचारा ऑफिस सांभाळून ऐकायचा. मला तर दोघांचा धीर बघूनच चीड यायला लागली.

शनिवारी दुपारी टेंपो दारात लागला आणि त्याच सुमाराला स्क्रीनवर लेथचं पान उघडलं. ज्योतीरामनं आनंदानं उडी वगैरे मारली नाही. लोखंडाची दांडी लावली, ट्रायल कट घेतला आणि जॉब पुसून माझ्यासमोर ठेवला. हनीफभाई येऊन उभे राहिले. मी मायक्रोमीटर लावला. खात्री करायला परत लावला.

"बसलं मापात," मी म्हणाले.

हनीफभाई बाहेर गेले. त्यांनी टेंपोवाल्याला चहा पाजून परत पाठवला. मग ऑफिसातून आपली खुर्ची ढकलत आणली आणि त्या पिंपासमोर लावली.

"बसून करत जा, ज्योतीराम. कमरेला त्रास होतो."

ज्योतीराम आधी खुर्चीकडे बघत राहिला, मग बसला. बसल्यावर मात्र त्यानं तीन बोटांच्या हातानं तोंड झाकून घेतलं.

मी त्या शेडमध्ये त्याच्या आधीपासून उभी आहे आणि मला अजून कुणी स्टूलसुद्धा दिलेलं नाही. एरवी मी यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्या खुर्चीचा मला आजवर हेवा वाटलेला नाही.